अक्काचा ब्राउझर अपडेट केला, त्याची हकीकत

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, रविवार, सकाळचे दहा

चि. संगमेश यास,

विरुपाक्षदाजीचा मनापासून आशीर्वाद. (चिरंजीव लिहिताना पेन जरा अडखळलं. तुझी पंचावन्नी उलटली, तू स्वतः सासरा झालास. पण मेहुणा कितीही पिकला तरी दाजीला तो हाफचड्डीतलाच दिसतो, त्याला माझा इलाज नाही.) चन्नम्माचे गुडघे कसे आहेत? लेक सासरी रुळली का? आडत दुकानात पोत्यांवर झोपणारं ते पांढरं मांजर अजून आहे की नाही? इकडे आम्ही दोघंही ठीक. माझा रक्तदाब डॉक्टरांना आवडत नाही, मला चालतो. तुझ्या अक्काची तब्येत उत्तम आहे, परंतु ती तुला कळवायची मला परवानगी नाही, तेव्हा हे वाक्य तू वाचलंच नाहीस असं समज.

फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. एक तर मी फोनवर तुझं नाव घेतलं की स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबतो आणि नळ मात्र चालू राहतो. चौथ्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात हे ऐकवत नाही. दुसरं म्हणजे फोनवर तू मधे बोलतोस. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण आहे आणि तो लोक विसरत चालले आहेत. अक्का आत्ता कशिद्याचा दोरा आणायला मधल्या मारुतीच्या बाजारात गेली आहे. प्रत्येक रंग दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहिल्याशिवाय ती घेत नाही, त्यामुळे मला दोन तास तरी आहेत. थकलोय बाबा. गेले बारा दिवस मी जो थकलोय तसा पस्तीस वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढूनही थकलो नव्हतो. तिथं निदान पोरं एकच बाटली फोडायची आणि कबूल करायची.

आमचा तो कॉम्प्युटर तुला आठवत असेलच, तूच आणून बसवलास. त्यातला ब्राउझरही तूच अक्काच्या डोळ्यांना आणि हाताला बेतून दिलास. अक्षरं मोठी. पाठीमागचा रंग फिकट पिवळा (पांढऱ्यावर तिचे डोळे पाणावतात). कन्नड टाईप करायची सोय. वरच्या पट्टीत तिचे कशिद्याचे नमुने, गोपूर एका खणात, पालखी एका खणात, तुळशीवृंदावन एका खणात. मग एकदा तो आपोआप अपडेट झाला, सगळ्या कळा इकडच्या तिकडे गेल्या आणि ती दोन दिवस जेवली नाही. तेव्हा तूच ते आपोआप होणं बंद केलंस आणि म्हणालास, “अक्का, तू हात लावू नको. मी आलो की करून देत जाईन.” आणि करत होतास, हे मी कुणाच्याही समोर सांगेन. बाजारच्या कामाला सोलापूरला आलास की आधी अपडेट, मग चहा. तू खुर्चीत, ती शेजारी उभी, आणि दोघांचं कन्नडमधून भांडण. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसायचो. मला कधी त्यात पडावं लागलं नाही.

मग तुझ्या लेकीची लग्नपत्रिका छापून आली. हा विषय मी काढणार नव्हतो, पण त्याच्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही, म्हणून चार ओळींत उरकतो. पत्रिकेत एक्केचाळीस नावं होती (मी मोजली, सवय). चन्नम्माच्या तिन्ही बहिणी होत्या, त्यांचे यजमान होते, गुलबर्ग्याचे कुणीतरी निवृत्त फौजदारही होते. नवरीची सख्खी आत्या नव्हती. तू म्हणालास छापखान्याची चूक. ती म्हणाली, छापखान्याची चूक असते, पण प्रूफ घरातला माणूस वाचतो. इथवर ठीक होतं. नंतर तू म्हणालास, “एवढं काय त्यात, अक्का?” संगमेश, मी आम्लं हाताळलेला माणूस आहे. काही थेंब मागाहून पुसता येत नाहीत. ती लग्नाला आली, अक्षता टाकल्या, पानावर बसली नाही आणि दुपारच्या गाडीनं परतली. याला येत्या वैशाखात दोन वर्षं होतील.

त्या दोन वर्षांत ब्राउझर रोज सकाळी तिला एक चौकट दाखवत होता. नवी आवृत्ती आली आहे, आता घ्यायची की नंतर? ती रोज ‘नंतर’ दाबायची. सहाशे-सातशे वेळा तरी दाबलं असेल. मी एकदा ‘आता’ दाबायला गेलो, तर माझा हात धरून म्हणाली, “ते आपलं काम नाही.” मग कुणाचं, हे विचारण्याइतका मी नवखा नवरा नाही.

हे असंच आणखी दहा वर्षं चाललं असतं. पण दर गुरुवारी दुपारी चारला ती कॉम्प्युटरवरून कशिदा शिकवते, हे तुला कदाचित माहीत नसेल. अकरा बायका आहेत. एक पार नाशिकची आहे, एक बेळगावची. सुईत दोरा ओवण्यापासून सुरुवात करून आता त्या हत्तीपर्यंत आल्या आहेत. तर मागल्याच्या मागल्या सोमवारी तिनं तयारीसाठी वर्गाचं पान उघडलं आणि पानानं साफ नकार दिला. तुमचा ब्राउझर फार जुना आहे, नवा घ्या, मग या. खाली ‘नंतर’ नव्हतंच. तिनं दोनदा शोधलं. मग खुर्ची मागं सारून माझ्याकडे आली आणि म्हणाली, “करा काय करायचं ते. पण माझं काही हलता कामा नये.”

तुला वाटेल मी घाईनं काही केलं असेल. नाही. मी वही काढली. वर उद्देश लिहिला, त्याखाली साहित्य, त्याखाली कृती. उपकरणाला हात लावण्याआधी त्याचं वाचन टिपून ठेवावं, हे मी पस्तीस वर्षं पोरांना सांगितलं आणि कुणीही ऐकलं नाही. मी ऐकलं. सोमवारची सगळी संध्याकाळ मी सेटिंगच्या पानांवरून फिरलो. अक्षराचा आकार चोवीस. रंग पिवळा, त्याचा आकडासुद्धा. बुकमार्क तीनशे बारा, चौदा खणांत. सुरुवातीचं पान, हवामान. जतन केलेले पासवर्ड नऊ (तिला विचारलं की यातले पाठ किती आहेत, तर म्हणाली एकही नाही, त्याला आहेत ना पाठ, मग मी कशाला करू). बुकमार्कची एक वेगळी फाईल काढून ठेवली. हे सगळं ठीक झालं, पण ब्राउझरचा मूळ फोल्डर, ज्यात तिची सगळी बिऱ्हाडाची मांडामांड असते, तो पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावा असं माझ्या मनानं घेतलं. आणि घरात पेन ड्राइव्ह नव्हता. तिथं श्रीमंतचा प्रवेश झाला.

श्रीमंत म्हणजे आमचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. मूळचा मंगळवेढ्याकडचा, घरी शेळ्यामेंढ्या, इथं एका टायपिंगच्या दुकानात काम करतो. स्वभावानं सोन्यासारखा. फक्त त्याला कुठलंच काम अवघड वाटत नाही, हा एक दोष. मंगळवारी दुपारी तो पेन ड्राइव्ह घेऊन खाली आला. “लई सोपं हाय की सर. जुनं काडायचं, नवं टाकायचं. दोन मिंटाचं काम हाय.” मी म्हटलं, आधी नक्कल. त्यानं पेन ड्राइव्ह लावला तर तो गच्च भरलेला, आणि आत सगळे एका बोकडाचे व्हिडिओ. बोकड चरतोय, बोकड उभा आहे, बोकड कुणाकडेतरी बघतोय. मी म्हटलं, यातले चार पुसू, जागा होईल. त्यानं पेन ड्राइव्ह उपसून खिशात घातला. “न्हाय सर. बोकड गेलाय मागल्या साली. एवढंच हाय त्याचं.” मग दोघं उन्हातून चालत जाऊन नवा पेन ड्राइव्ह आणला. (मार्चमध्येच डांबर चपलेला चिकटतंय. तुमच्याकडे काय आहे ते मला माहीत आहे, कसं माहीत आहे ते पुढे येईल.)

नक्कल उतरली. मग श्रीमंतनं माझं लक्ष नाही असं बघून जुना ब्राउझर काढायला सुरुवात केली. एक चौकट आली. तिच्यात एक छोटासा चौकोन होता, आणि त्यापुढे लिहिलं होतं की तुमची सगळी माहितीसुद्धा पुसू का. त्याचा बाण त्या चौकोनावर होता. संगमेश, मी त्याचं मनगट असं धरलं, जसं एकेकाळी पाणी आम्लात ओतायला निघालेल्या पोराचं धरत होतो. तो दचकला. मी त्याला म्हटलं, काढायचं काहीही नाही. जुन्याच्या अंगावरच नवं चढवायचं, म्हणजे सामान जागेवर राहतं. तो म्हणाला, बरं. एवढ्यात गल्लीत ओरडा झाला, पाणी आलं! पाणी आलं म्हटल्यावर सोलापुरात कुणी ब्राउझर बघत नाही. मी मागच्या हौदाकडे, अक्का वरच्या टाकीच्या मोटारीकडे, आणि श्रीमंत एकटा कॉम्प्युटरपाशी. पाऊण तासानं ओल्या पायांनी परत आलो तर तो हसतमुखानं उभा. “झालं की सर.”

झालं होतं. पडद्यावर एक पांढरंफेक पान होतं. अक्षरं मोहरीएवढी. वरची पट्टी रिकामी. गोपूर नाही, पालखी नाही, तुळशीवृंदावन नाही. कोपऱ्यात एक चित्र हात हलवून आमचं स्वागत करत होतं. अक्का पदराला हात पुसत आली, माझ्या खांद्यावरून एकदा पाहिलं आणि आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. श्रीमंत म्हणाला, “काकू कायच म्हनल्या न्हाईत की.” मी म्हटलं, तू आता वर जा.

गुरुवारचा वर्ग झाला, हे मान्य केलं पाहिजे. नव्या ब्राउझरनं वर्गाचं पान मुकाट्यानं उघडलं. पण तिच्याकडे दाखवायला नमुने नव्हते. तिनं तुम्हा भावंडांच्या अव्वांच्या जुन्या इरकली साडीचा पदर कॅमेऱ्यापुढे धरला आणि त्यावरूनच हत्ती शिकवला. नाशिकच्या बाईनं विचारलं, मॅडम, आज फाईल नाही का? ही म्हणाली, फाईल दुरुस्तीला दिली आहे. मी दारात उभा होतो. दुरुस्ती करणाऱ्यानं मान खाली घातली आणि पेपर उचलला.

शुक्रवारी मी वही घेऊन बसलो. बुकमार्कची काढून ठेवलेली फाईल आत घेतली. तीनशे बाराच्या तीनशे बारा खुणा, चौदाही खण, सगळं परत. अक्षर चोवीस केलं. आकडा पाहून पिवळा रंग लावला, तोच पिवळा. कन्नड आलं. शनिवारी सकाळी सुरुवातीचं पान म्हणून हवामान लावून मी तिला मोठ्या तोऱ्यात बोलावलं. (सकाळी पावणेसातला पूजेच्या आधी ती पाच मिनिटं कॉम्प्युटरपुढे बसते. त्या वेळी मी फिरायला गेलेला असतो. काय बघते ते मी कधी विचारलं नव्हतं, पंचांग असेल असं धरून चाललो होतो.) ती बसली. बुकमार्क बघितले. एकेक खण उघडून मिटला. मग पहिल्या पानावर आली आणि म्हणाली, “हे नाही.”

“हवामानच आहे की,” मी म्हटलं.

“आहे. पण हे नाही.”

“अगं, चौतीस अंश, आकाश निरभ्र, आणखी काय पाहिजे? वहीत लिहिलंय बघ, सुरुवातीचं पान, हवामान.”

“असू दे. ब्याडा.” आणि उठून देवघरात गेली.

नको म्हणायला ती कन्नडवर आली, ब्याडा म्हणाली, की वाद संपला असं मी समजतो. तुझ्या घरातूनच ती सवय आली आहे. पण या वेळी मला झोंबलं. मी सगळी वाचनं बरोबर टिपली होती. उत्तर चुकीचं कसं येईल? दोन दिवस मी त्या हवामानाकडे बघत बसलो. अंश बरोबर, वारा बरोबर, सूर्यास्त बरोबर. तिनं त्या दोन सकाळी कॉम्प्युटर लावलाच नाही. पावणेसातला ती नुसतीच बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिली. मी फिरायला न जाता घरात थांबलो, म्हणून मला दिसलं.

सोमवारी श्रीमंत स्वतःच खाली आला. दुकानात कुणालातरी विचारून आला होता. म्हणाला, “सर, जुनं कुटं गेलं न्हाय. हितंच हाय.” झालं होतं असं, की आम्ही पाणी भरत असताना यानं नवी आवृत्ती जुन्याच्या अंगावर न चढवता शेजारच्या फोल्डरमध्ये बसवली. नव्या ब्राउझरनं मग जुन्या खोलीत पाऊलच टाकलं नाही. स्वतःसाठी शेजारी कोरी खोली बांधली आणि तिथंच जाऊन बसला. जुनी खोली तशीच, दार लोटलेली, आतलं भांडंही हललेलं नाही. ब्राउझरच्या आत एक पान असतं, त्यावर दोन्ही खोल्यांची नावं दिसतात. जुन्या नावापुढची कळ दाबायची आणि म्हणायचं, यापुढे इथंच उघड. एवढंच. म्हणजे शुक्रवारची माझी सगळी मेहनत नव्या खोलीत जुन्या खोलीची रंगरंगोटी करण्यात गेली. (तरी दाबण्याआधी मी पेन ड्राइव्हवरची नक्कल पुन्हा तपासली. श्रीमंतला हसू आलं. मी म्हटलं, तुझा बोकड तू खिशात ठेवतोस ना? मग तो हसायचा थांबला आणि आपल्या बोकडाचीही दुसरी नक्कल माझ्या कॉम्प्युटरवर ठेवून गेला. ती आहे अजून.)

कळ दाबली. ब्राउझर बंद झाला, पुन्हा उघडला, आणि पहिलंच पान आलं. हवामान. तेच संकेतस्थळ, तेच चित्र, तोच सूर्य. फक्त वर गावाचं नाव होतं, दुधनी.

संगमेश, तुझ्या दुधनीत चौतीस अंश होते. सोलापुरातही चौतीसच होते. आपल्या दोन गावांच्या हवेत फरक असून असून किती असणार? गाडीनं दीड तास. मी वहीत हवामान एवढंच टिपलं होतं, कुठलं ते टिपलं नव्हतं. पस्तीस वर्षं पोरांच्या वह्यांवर मी लाल शाईनं लिहीत आलो, एकक लिहा, एकक लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. माझीच वही लाल शाईची निघाली. ते पान बहुतेक तूच लावलं असशील, पहिल्यांदा ब्राउझर बसवलास तेव्हा, तुझ्या उघड्यावरच्या तुरीच्या काळजीनं. पण तिनं ते काढलं नाही. तूर तिची नाही, पोती तिची नाहीत, आडत तिची नाही.

मी कॉम्प्युटर बंद केला आणि “जुनं सापडलं” एवढंच सांगितलं. मंगळवारी सकाळी फिरायला निघाल्यासारखं केलं, चपला घातल्या, दार वाजवलं आणि कट्ट्यावरच थांबलो. पावणेसातला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पाच मिनिटं काहीच नाही. मग ती बाहेर आली, मला कट्ट्यावर पाहिलं, का गेला नाहीत म्हणून विचारलंही नाही. आकाशाकडे बघत म्हणाली, “तिकडं ढग आहेत.”

आठ दिवसांत आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. मी म्हटलं, कुठं? तर म्हणाली, “कुठं म्हणजे? तिकडं.” आणि चहा ठेवायला आत गेली. गुरुवारी वर्गात सगळ्या फाईली होत्या, नाशिकच्या बाईला गोपूरही दिसलं. श्रीमंतला तिनं वाटीभर शेंगाची चटणी पाठवली. मला काही मिळालं नाही, पण भांडी पुन्हा वाजू लागली आहेत.

तर अशी हकीकत. या वयात असलं काही पुन्हा माझ्यानं होणार नाही. चन्नम्माला आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार. मोठ्यांपैकी तिकडे कुणी उरलं नाही, म्हणून मोठ्यांना नमस्कार लिहीत नाही.

तुझा,
विरुपाक्षदाजी

ता. क. : मुख्य काम लिहायचं राहिलं. जुनी खोली उघडली खरी, पण तिजोरीला कुलूप आहे. ते नऊ पासवर्ड भरायच्या आधी ब्राउझर एक मुख्य पासवर्ड मागतो, आणि अक्का म्हणते तो तू घातला होतास, तिला माहीत नाही. त्यावाचून हुबळीच्या दोऱ्याच्या दुकानाचं पान उघडत नाही, म्हणून तिला आज उन्हातून जावं लागलं. तेव्हा तो पासवर्ड कळव.

ता. क. २ : पासवर्ड पत्रात लिहू नकोस. फोनवरही सांगू नकोस, ते सुरक्षित नसतं असं श्रीमंत म्हणतो. समक्ष येऊन घालून दिलास तर बरं. माझा दुसरा काही हेतू नाही.

ता. क. ३ : अक्का दोरा घेऊन आली आहे. तुझा पिन कोड मला आठवेना, म्हणून मी तिला आपलं सहज विचारल्यासारखं विचारलं, दुधनीचा पिन काय गं? तिनं पिशवीतून मान वर न काढता सहाही आकडे सांगितले. मग म्हणाली, “काय लिहिलंत त्याला?” खोटं बोलायला वेळ मिळाला नाही. म्हटलं, मुख्य पासवर्ड विचारलाय. ती कॉम्प्युटरपाशी गेली, उभ्याउभ्याच पासवर्ड टाईप केला, कळ दाबली, तिजोरी उघडली. दोन वर्षं रोज टाईप करत होती म्हणे. मी म्हटलं, अगं मग गेले सहा दिवस माहीत नाही, माहीत नाही, हे काय चाललं होतं? तर माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी सांगितला असता, तर तुम्ही त्याला कशाला लिहिलं असतंत?”

तेव्हा पासवर्डचं काम राहिलेलं नाही. तुला बोलवायला माझ्याजवळ आता कसलंच कारण नाही. तरी ये. आणि येतोस ते आधी कळवू नकोस. कळवलंस, तर ती त्या दिवशी मुद्दाम घराबाहेर जाईल, आणि मग आपण दोघं दिवसभर एकमेकांचं तोंड बघत बसू.